रानातली बालवाडी: या चुका टाळा

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, तेव्हा उघड्यावरचं शिकणं आपल्याकडे नवं नाही. तरीही कित्येक बालवाड्या मुलांना झाडांत नेतात आणि आठवड्याभरात वर्गात परततात. जागा आधी नीट पाहिलेली नसली, की बाईंचा सगळा वेळ "नको, हात लावू नको, तिकडे जाऊ नको" म्हणण्यातच जातो. म्हणून मुलं यायच्या आधी मोठ्या माणसाने काठी घेऊन ती जागा रोज पायी फिरून बघावी. पडलेला ओंडका उलटवायचा तर आपल्याकडे ओढून उलटवावा. खाली साप-विंचू असलाच, तर मध्ये ओंडक्याचा आडोसा राहतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती बिया गोळा करताना. "छान दिसेल ते आणा" असं सांगितलं, की मुलं नेमकी गुंज आणतात. लाल-काळी गुंज चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. बिट्टीची फळं खेळायला घेण्याची आपली जुनी सवय, पण तिची बी पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू होतात. यातलं काही तोंडात गेल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. मुळात ही चूक टाळण्याचा उपाय सोपा आहे. आधी तीनच वस्तू हातात देऊन दाखवा: आंब्याची वाळकी कोय, शिरीषाची शेंग, सागाचं पान. "अशाच शोधा" म्हणा. चिंचोके मोजायला उत्तम, पण ज्यांची वस्तू तोंडात-नाकात घालायची सवय अजून गेलेली नाही, त्यांना ते देऊ नका.

पावसाळा सरला की खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. लव अंगाला लागली तर चोळू नये, ती आणखी रुतते. चिकटपट्टी दाबून उचलून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा आणि कपडे बदला.

चिखलाच्या स्वयंपाकाचा खेळ बिघडतो तो मातीमुळे. नुसती काळी माती बोटांना चिकटते आणि वाळली की तडकते. दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती आणि एक घमेलं चाळलेली वाळू, एवढं पुरतं. बादली हाती दिली तर दोन मिनिटांत सगळ्याचा रबडा होतो, म्हणून पाणी तांब्याने द्या. ढीग रात्री ताडपत्रीने झाका. मांजर-कुत्र्यांनी घाण केलेल्या मातीतून जंत होतात. खेळ संपला की भांडी उपडी घाला आणि आठवड्यातून एकदा आतून घासा. डासांची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हात साबणानेच धुवायचे. मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

"बूट आतून ओले झाले" ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. पावसाळी पँट गमबुटात खोचलेली असते, मग ओघळ सरळ पायात उतरतो. पँट बुटावरून बाहेर सोडा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा.

पिंपळपानाची जाळी फाटते, कारण पान कोवळं असतं किंवा घाई होते. जून, गडद हिरवं पान तीन-चार आठवडे पाण्यात ठेवा. वास येऊ लागला की पाणी बदला. गर सुटला की मऊ ब्रशने देठाकडून टोकाकडे हलकेच झाडा.

आणि वेळ. पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलं नुसती भटकतात, खरा खेळ त्यानंतर जमतो. अर्ध्या तासाची तासिका ठेवली, तर तो जमायला लागताच आपण तो मोडतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास नेण्यापेक्षा एकदाच सलग दीड तास न्या.