निळीचा डोळा सुजला तेव्हा: खाऱ्या टाकीतल्या माशाची जखम कशी सांभाळायची

जुलैत रत्नागिरीत लाइट जाण्यात नवल ते काय. त्या रात्री मात्र पंप तासभर बंद राहिला आणि लाइट येताच धाडकन सुरू झाला. आमची निळी, म्हणजे ब्लू टँग जातीचा समुद्री मासा, बिचकून दगडाच्या कपारीत घुसली. सकाळी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्यायला गेलेली आई तिथूनच ओरडली, "अरे, हिचा डोळा बघ कसा बाहेर आलाय!" डोळ्याखाली शेंगदाण्याएवढी जागा खरवडून पांढुरकी पडली होती.

अशा वेळी हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. एका क्लाउनफिशला मी असाच टबात टाकला, अँटिबायोटिक घातलं आणि निवांत बसलो. जखम भरत आली होती, मासा मात्र त्याच्याच घाणीतून पाण्यात साचलेल्या अमोनियाने गेला. तेव्हापासून आधी बघतो, मग पाणी सांभाळतो आणि औषध सगळ्यात शेवटी.

बघायचं ते टॉर्च बाजूने मारून. एकच डोळा सुजला असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो. दोन्ही सुजले तर आतला संसर्ग किंवा खराब पाणी. जखमेची कड स्वच्छ असेल, मासा खात असेल आणि दुसरं कुणी त्याला टोचत नसेल, तर मी त्याला टाकीतून हलवत नाही. पकडापकडीचा ताण जखमेपेक्षा महाग पडतो. पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, खाणं चांगलं द्यायचं आणि रोज त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढायचा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

तिसऱ्या दिवशीच्या फोटोत निळीच्या जखमेभोवती लाल कडं दिसलं आणि वर कापसासारखं काही. त्याला सगळे बुरशी म्हणतात. खाऱ्या पाण्यात ते बहुतेकदा बॅक्टेरियाचंच काम असतं. व्हिब्रिओसारखे जीव समुद्राच्या पाण्यात असतातच, अंगावरचा बुळबुळीत थर फाटला की त्यांना वाट मिळते. आता मात्र हलवणं भाग होतं.

टँगला जाळीने पकडू नका. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना नवी जखम होते. प्लास्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरायचा, दुसऱ्या हाताने हळूहळू त्याच्याकडे वळवायचं. मला वीस मिनिटं लागली. तुमच्या हाताला चीर असेल तर हातमोजे घाला. टाकीतल्या मायकोबॅक्टेरियमने माणसाच्या बोटालाही महिनोन्‌महिने न भरणारी गाठ येते.

आजारी टाकी, म्हणजे आजारी माशाला ठेवायची वेगळी टाकी, साधी काचेची, ४५ बाय ३० सेंटिमीटरची. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचा एल्बो. पाणी २६ सेंटिमीटर भरलं की बरोबर ३५ लिटर होतं. हा आकडा काचेवर मार्करने लिहून ठेवा, औषधाचा सगळा हिशोब त्यावर. हीटर २६ अंशांवर, एअर स्टोन जोरात, कारण काही औषधांनी पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. बॅटरीवरचा एअर पंप शेजारीच. फिल्टरला स्पंज जुना हवा, अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यात आधीच वसलेले असतात. मी एक जादा स्पंज मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, बारा महिने टाकून ठेवतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया विषारी. म्हणून अमोनियाचं टेस्ट किट दिवसातून दोनदा.

पाण्याचं एक सांगतो. आमच्याकडे समुद्र दारात, पण पावसाळ्यात भाट्याचं पाणी आणू नका. काजळी नदीचं गोडं पाणी आणि गाळ तिथेच येऊन मिळतो. आरओच्या पाण्यात पाकिटातलं सागरी मीठ, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, आदल्या दिवशी कालवा आणि खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आल्याशिवाय वापरू नका.

आता औषध. माझ्याकडे नायट्रोफ्युराझोन हे अँटिबायोटिक होतं. ते खास शोभेच्या माशांचं घ्या; खाण्याच्या माशांना ते वापरायला बंदी आहे. मात्रा पाकिटावरचीच, फिल्टरमधला औषध शोषून घेणारा कार्बन काढून, टाकीचा दिवा बंद ठेवून, कारण उजेडात ते बिघडतं. रोज दहा लिटर पाणी बदललं की औषध दहा लिटरपुरतंच परत घालायचं, पस्तीसचं नव्हे. घरातली डॉक्सिसायक्लिनची गोळी फोडून टाकायचा मोह आवरा. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला धरून ठेवतं, माशापर्यंत फारसं काही पोचत नाही. डोळ्याच्या सुजेसाठी एप्सम सॉल्ट, वीस लिटरला एक मोठा चमचा, आधी मगात विरघळवून.

कुणी मासा ओल्या फडक्यात धरून जखमेवर बीटाडीन लावतात. मोठ्या माशाला जमत असेल. चार इंची माशाचा उरलासुरला थरही त्यात पुसला जातो, मी करत नाही.

अंगावर मिठाच्या कण्यांसारखे ठिपके असतील तर ते प्रकरण वेगळं, ते परजीवी असतात, त्याला तांब्याचं औषध लागतं. ते आजारी टाकीतच आणि टेस्ट किट हाताशी ठेवून. प्रवाळाच्या टाकीत तांबं गेलं तर प्रवाळ, कोळंबी सगळं संपलं. क्रोमिस या छोट्या माशाच्या कुशीवर लाल चट्टे आले तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्या, त्याला अँटिबायोटिक चालत नाही.

निळीने चौथ्या दिवशी नोरीचा तुकडा ओढला. दहा मिनिटांत न खाल्लेलं मी काढून टाकायचो. लाल कडं आठवड्यात गेलं, डोळा बसायला पंधरा दिवस लागले. औषध थांबवून, कार्बन लावून आणखी चार दिवस तिला तिथेच ठेवली आणि मग रात्री दिवे बंद करून मोठ्या टाकीत सोडली. आधी आतले दगड थोडे हलवले होते, म्हणजे तिची जागा बळकावून बसलेल्या डॅमसेल माशालाही सगळं नवंच वाटावं. आजारी टाकी धुऊन उन्हात कोरडी केली. तिथला स्पंज फेकून दिला आणि संपमध्ये दुसरा टाकला.