दिवाळी अंकांच्या मेलमधली चित्रं गायब? फोल्डर लावताना या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की मुखपृष्ठं येऊ लागतात. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, कुणी छापखान्याची फाइल जशीच्या तशी पाठवतं. एका पुस्तकविक्रीच्या दुकानासाठी मी दरवर्षी अंकांच्या सवलत संचांचे मेल तयार करते. पहिल्या वर्षी मेल गेल्यावर ‘काम झालं’ असं समजून मी चित्रांचं अख्खं फोल्डर पुसून टाकलं. दोन दिवसांनी परदेशातल्या एका वाचकांनी कळवलं, ‘अहो, तुमच्या मेलमध्ये नुसत्या रिकाम्या चौकटी दिसताहेत.’

बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथेच आहे. अशा मेलमध्ये चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. वाचक मेल उघडतो तेव्हा चित्र सर्व्हरवरून, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवणाऱ्या संगणकावरून, किंवा आपण ज्या सेवेतून मेल पाठवतो तिच्या चित्रसंग्रहातून येतं. कुणी तो मेल आठवड्याने उघडतं, कुणी पुढच्या दिवाळीत जुना संच शोधताना. म्हणून पाठवलेल्या मेलमधली चित्रं पुसायची नाहीत, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची नाहीत आणि त्यांचं नावही बदलायचं नाही. मी प्रत्येक वर्षाचं एक फोल्डर करते. त्यात ‘आलेलं’, ‘तयार’ आणि ‘पाठवलेलं’ असे तीन कप्पे असतात. तिसऱ्याला नंतर कुणीही हात लावत नाही.

याच्या जोडीची चूक म्हणजे त्याच नावाने नवं चित्र चढवणं. मुखपृष्ठ बदललं, म्हणून जुन्यावर नवं टाकलं, तर जीमेल स्वतःकडे साठवलेली जुनी प्रत दाखवू शकतं. मग एका घरात जुनं मुखपृष्ठ, दुसऱ्या घरात नवं! बदललेल्या चित्राला नवं नाव द्या, शेवटी ‘02’ लावा आणि पुढच्या मेलमध्ये तेच वापरा.

दरपत्रकाचं मात्र नेमकं उलट आहे. किंमत किंवा टपालखर्च बदलला, तर जुन्या मेलमधूनही नवं पत्रकच उघडायला हवं. पीडीएफ जोडून पाठवली की ती हातातून सुटली, चुकीचा दर कायमचा वाचकाकडे राहिला. शिवाय जीमेलची मर्यादा २५ एमबीची असली, तरी जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यापेक्षा पत्रक गूगल ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक द्या. दर बदलले की ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये जाऊन नवी फाइल चढवा, लिंक तीच राहते. नवी फाइल वेगळी टाकून जुनी पुसलीत, तर लिंक मेलीच म्हणून समजा.

ड्राइव्हवरची फाइल मुळात खासगी असते, हे विसरू नका. लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल अशी परवानगी दिली नाही, तर वाचकाला ‘प्रवेशाची विनंती करा’ असं दिसतं आणि तुमच्या इनबॉक्समध्ये विनंत्यांची रांग लागते. आपण लॉग-इन केलेलं असतं, त्यामुळे आपल्याला सगळं ठीकच दिसतं. लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे लॉग-इन नसलेल्या खासगी खिडकीत, उघडून बघा.

आता आलेल्या फाइलींकडे. छापखान्याचं मुखपृष्ठ बहुधा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांत असतं. छपाईसाठी ते बरोबर, पण पडद्यावर त्याचे रंग भडक किंवा मळकट दिसू शकतात. आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, बदलून जेपीजी म्हणून जतन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलेलं असतं, त्यात मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं फुटतात. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आधीच सांगा. मेलची रुंदी साधारण ६०० पिक्सेल धरतात. चित्र १२०० पिक्सेल रुंद ठेवलं की चांगल्या मोबाइलवरही ते स्वच्छ दिसतं. वेबपी हा चित्राचा प्रकार टाळा, आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांना तो उघडता येत नाही.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता द्या. देवनागरी नाव वेबपत्त्यात गेलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते आणि ती कुठे तरी तुटते. बऱ्याच सर्व्हरांना मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. तुमच्या संगणकावर दिसणारं चित्र मेलमध्ये दिसत नसेल, तर आधी हेच तपासा.

मजकुराचाही एक त्रास खास आपल्या वाट्याचा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर थेट चिकटवला की वाचकाला रोमन अक्षरांचा काला दिसतो. मग कंटाळून लोक अख्ख्या मजकुराचं एकच चित्र करून टाकतात. मला ही सगळ्यांत वाईट पळवाट वाटते. आउटलुकमध्ये अनेकांना परवानगी दिल्याशिवाय चित्रं दिसत नाहीत, म्हणजे त्यांच्यापर्यंत कोरा मेल पोचतो. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही चित्रातलं सहसा वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर देवनागरीतच दिसणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. संचाची किंमत, मागणीची मुदत आणि फोन नंबर अक्षरांतच लिहा. चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याजागी येणाऱ्या मजकुरात, अंकाचं नाव घाला, नुसतं ‘चित्र १’ नको.

मेल खालून कापला जात असेल, तर दोष बहुधा चित्रांचा नसतो. जीमेल सुमारे १०२ केबीपुढचा एचटीएमएल, म्हणजे मेलचा मजकूर आणि त्याच्या मांडणीचा कोड, लपवतं, आणि युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. त्यामुळे आपण ती मर्यादा इंग्रजी मेलपेक्षा लवकर गाठतो. त्यात वर्डमधून थेट चिकटवलेल्या मजकुरासोबत बराच कचरा येतो. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकून तिथून घ्या. चाळीस अंकांची माहिती एकाच मेलमध्ये कोंबू नका. तळाची ‘मेल नको’ ही लिंक लपली, की वैतागलेला वाचक सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवा, चित्रं बंद करून एकदा वाचा. तेवढ्यावरून एखाद्या आजोबांना संच मागवता येईल का, ते बघा, आणि मगच यादीला पाठवा.