थंडीत गोल्फचे नऊ होल खेळताना

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी लवकर खेळायला उतरलात, तर पहिल्या काही ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दव असतंच. पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका, नेहमीपेक्षा थोडा जोरात मारा, नाहीतर चेंडू पाणी उडवत जातो आणि होलच्या अलीकडेच थांबतो. आधीच्या खेळाडूच्या चेंडूची दवात उमटलेली रेघ नीट बघा. ग्रीनचा उतार कुठे वळवतोय ते आयतं कळतं. पटच्या वाटेवरचं दव पुसायचा मोह मात्र आवरा, ते नियमात बसत नाही. (टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, चालतं.) ग्रीनवर चेंडूच्या जागी मार्कर (खुणेची छोटी चकती) ठेवून चेंडू उचला, कोरड्या नॅपकिनने पुसा. गार हवेत चेंडू कमी जातो, म्हणून 7 नंबरच्या आयर्नऐवजी (धातूच्या डोक्याची स्टिक) 6 घ्या, त्याने चेंडू लांब जातो. आणि जाड स्वेटर नकोच, खांदे वळत नाहीत, बिनबाह्यांचा उत्तम.