पायथनमधली स्ट्रिंग क्वेरीत नेताना

बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात लागलो तेव्हा पायथन बऱ्यापैकी यायचं आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येतं, असं मुलाखतीत ठोकून दिलं होतं. पहिलंच काम तेच निघालं. कामगारांच्या नावातून आडनाव काढणारी, पत्ता जोडणारी एक स्क्रिप्ट रोज रात्री अख्खं टेबल ओढून घ्यायची. ती बंद करून सगळं आमच्या डेटाबेसच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या, क्वेरीत आणायचं होतं.

फंक्शनला फंक्शन शोधलं की झालं, असं वाटलं होतं. पण पायथन 0 पासून मोजतो, डेटाबेस 1 पासून. शोधलेलं अक्षर सापडलं नाही तर पायथनचं फाइंड उणे 1 देतं, पोस्टग्रेसचं पोझिशन 0. आडनावासाठी पायथनमध्ये स्प्लिट करून उणे 1 वा, म्हणजे शेवटचा, तुकडा घेत होतो. पोस्टग्रेसच्या स्प्लिट पार्टला उणे आकडा 14 व्या आवृत्तीपासून कळतो, आमची त्याहून जुनी. मग नाव रिव्हर्स करायचं, पहिला तुकडा घ्यायचा, पुन्हा रिव्हर्स. तरी काही आडनावं कोरीच! एक्सेलमधून चिकटवलेल्या नावांमागे टॅब आणि स्पेस होते. पायथनचं नुसतं स्ट्रिप दोन्ही काढतं. पोस्टग्रेसचं ट्रिम वेगळं काही सांगितल्याशिवाय फक्त स्पेस काढतं.

खरा दणका पत्त्यात बसला. घर नंबर, गल्ली, गाव असे तीन कॉलम मी दोन उभ्या रेघांनी जोडले. शहरातल्या लोकांना गल्ली असते. खानापूरकडच्या बऱ्याच जणांचा तो कॉलम नल, म्हणजे काहीच न भरलेला. एक नल आला की अख्खा पत्ता नल. पायथनमध्ये नन (तिकडचा नल) स्ट्रिंगला जोडायला गेलात तर एरर येऊन काम थांबतं, इथं काहीच बोंब होत नाही. पगाराची पाकिटं छापून आली तेव्हा कळलं. कॉन्कॅट डब्ल्यूएस वापरा, ते नल सोडून देतं.

पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल या डेटाबेसवर असाल तर लेंग्थच्या नादी लागू नका. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'बेळगाव' 18 बाइटचं असतं आणि लेंग्थ तेच मोजतं. पायथनसारखं 6 उत्तर हवं तर कॅरॅक्टर लेंग्थ.

नव्यानं करणाऱ्यानं जुनी स्क्रिप्ट लगेच काढून टाकू नये. दोन्हींचे निकाल दोन टेबलांत टाका आणि एक्सेप्टनं (एकात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा ओळी ते देतं) ताडून बघा, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूनं केलं तर जास्तीच्या ओळी निसटतात. मी तसं केलं, फरक शून्य आला. खुशीत यादी आमच्या अकौंटंटकडे नेली. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. चष्मा वर करून म्हणाले, "काय रे, ह्या माणसाचं आडनाव 'एम' कसं?"

बऱ्याच कानडी नावांत शेवटी आडनाव नसून इनिशियल असतं. जुनी स्क्रिप्टही वर्षभर तेच 'एम' काढत होती, म्हणून फरक शून्य.