कोड ९२, साडेतीन फॅट आणि जिओटॅगचा फोटो

बारावीनंतर संगमनेर तालुक्यातून पुण्याला बी.ए. इकॉनॉमिक्सला आले तेव्हा मला वाटायचं कॉलेज म्हणजे लेक्चर, नोट्स आणि परीक्षा, संपला विषय. नोटीस बोर्डावर एकदिवसीय कार्यशाळा, अतिथी व्याख्यान, फिल्म स्क्रीनिंग असले कागद लागायचे आणि हे सगळं इंग्लिश मीडियमच्या पोरांसाठी असणार असं धरून मी मेसच्या रांगेकडे चालू पडायचे. पहिलं अख्खं सेमिस्टर असंच गेलं. आता चार वर्षं झाली डेटाचं काम करतेय आणि त्यातलं निम्म्याहून जास्त त्या कागदांमधूनच आलंय. दर जूनमध्ये गावाकडची दोन-तीन पोरं फोन करून विचारतात, ताई काय काय अटेंड करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी वाईट अनुभव सांगते म्हणजे पुढचं पटेल. मी अटेंड केलेली पहिली कार्यशाळा 'राष्ट्रीय' होती, दोन दिवस, तीनशे रुपये फी. उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय ह्यातच साडेबारा वाजले. मग एक सर पीपीटी वाचून दाखवायला लागले, म्हणजे शब्दशः वाचून, आणि मध्येच एकजण मोबाईल घेऊन यायचा आणि सगळ्यांना सरळ बसायला सांगून फोटो काढायचा कारण नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाईलला जिओटॅगवाला, म्हणजे जागेचा पत्ता छापलेला फोटो लागतो. दुसऱ्या दिवशी जेवण चांगलं होतं. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलेलं. ते मी जपून ठेवलं, तीन वर्षांत अशी अकरा झाली, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला एकानेही फाईल उघडायला सांगितलं नाही. त्यामुळे माझा पहिला नियम, कागदावर 'प्रमुख उपस्थिती'ची यादी विषयापेक्षा लांब असेल तर जेवणासाठी जा, शिकायला जाऊ नका. आणि 'स्वतःचा लॅपटॉप आणावा' अशी ओळ दिसली की पहिलं नाव तुमचं पाहिजे, लॅपटॉप नसला तरी, कुणाच्या तरी शेजारी बसता येतं. मी तशीच बसले होते.

ती कार्यशाळा पीएलएफएसवर होती, म्हणजे सरकारचा तो कामगारांचा सर्व्हे जो २०१७-१८ पासून चालू आहे आणि बेरोजगारीचे आकडे पेपरात येतात ते ज्याच्यातून येतात तो. शिकवणारे सर लॅपटॉप उघडूच देईनात. सगळ्यांना एक एक कोरा कागद दिला, फळ्यावर कोड लिहिले, ११ म्हणजे स्वतःचा धंदा करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ पगारी, ५१ रोजंदारीवाला, ८१ काम शोधणारा, ९१ विद्यार्थी, ९२ फक्त घरकाम, असे. मग म्हणाले घरातल्या प्रत्येक माणसाला कोड द्या. मी दोन मिनिटांत संपवलं. वडील ११, मी ९१, भाऊ ९१, आई ९२.

सर माझ्या बाकापाशी आले.

"वडील काय करतात?"

"शेती आणि दोन गाई आहेत, डेअरीला दूध घालतो."

"धार कोण काढतं?"

"आई."

"चारा, शेण, पाणी?"

"आईच बघते. कधी कधी भाऊ."

"आणि डेअरीचं बिल कोणाच्या नावावर येतं?"

"वडिलांच्या."

ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या कागदावरच्या ९२ वर पेनाने बारीक टिंब ठेवलं आणि पुढच्या बाकाकडे गेले. मी बराच वेळ त्या टिंबाकडे बघत बसले. मग खोडून २१ केलं. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली अगं गाई तीच सांभाळते तर ११ का नाही, आणि त्यावरून वर्गात अर्धा तास जे भांडण झालं ते तीन वर्षांतलं माझं सगळ्यात आवडतं लेक्चर. त्यात कळलं की वर्षातला जास्त वेळ ज्यात जातो ते मुख्य काम, पण त्याशिवाय तीस दिवस किंवा जास्त दुसरं काही काम केलं असेल तर तेही दुय्यम म्हणून लिहायचं असतं, म्हणजे आईचं मुख्य काम ९२ धरलं तरी दुय्यममध्ये २१ लागतो आणि ती कामगारांत मोजली जाते. पण हे कधी, तर सर्व्हेवाल्याने 'धार कोण काढतं' हे विचारलं तर! ह्याच सर्व्हेत पंधरा वर्षं आणि त्यावरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग (म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, आणि ह्या वाढीत मोठा वाटा ११ आणि २१ वाल्यांचाच आहे. पेपरातला तो आकडा वाचला की मला अजून तो कोरा कागद आठवतो. घरी फोन करून आईला सांगितलं की तू सरकारी हिशोबात कामगार आहेस, तर म्हणाली मग पगार कधीपासून.

दुपारी लॅपटॉप उघडले. आकडेवारीचं सॉफ्टवेअर स्टाटा होतं, विकतचं, कार्यशाळेपुरतं मिळालेलं, नंतर बंद पडलं. तुम्ही आर (R) नावाचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे, आणि सर्व्हेचा घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर रजिस्टर केलं की फुकट मिळतो. त्याच्याही आधी एक्सेलचं पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा) नीट यायला पाहिजे, ह्याला लाजू नका, माझ्या ऑफिसात अर्धं काम अजून त्याच्यावरच चालतं.

व्याख्यानांचं गणित वेगळं आहे. पुण्यात व्याख्यानं फुकट आणि भरपूर, ही जुनी खोड आहे ह्या शहराची. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केली ती अजून चालू आहे, फक्त ती एप्रिल-मेमध्ये येते आणि नेमकी आपली परीक्षा तेव्हाच. गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संस्था १९३० ची, तिथल्या काळे स्मृती व्याख्यानात १९३९ मध्ये डॉ. आंबेडकर फेडरेशनवर, म्हणजे संघराज्यावर बोलले होते, आणि ज्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नावाने तिथलं ग्रंथालय आहे ते आमच्याच नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं. गावापासून तासाभरावर असलेला कारखाना आणि माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं नाव ह्यांचा संबंध समजायला मला पुण्याला यावं लागलं. असो. मुद्दा असा की अशा ठिकाणची सार्वजनिक व्याख्यानं कॉलेजच्या बाहेरच्यांनाही खुली असतात, आत जाताना कोणी अडवत नाही, मागे खुर्च्या रिकाम्या असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारात पाच मिनिटं चपलेचा पट्टा लावायचं नाटक करत होते.

पण व्याख्यानाला कोरं जाऊन बसलं तर तासाभराने फक्त चहा लक्षात राहतो. सगळ्यात सोपं प्रॅक्टिसचं व्याख्यान बजेटचं. एक फेब्रुवारीनंतर आठवडाभर प्रत्येक कॉलेजात असतं. जायच्या आधी 'बजेट ॲट अ ग्लान्स' नावाची सरकारची छोटी पुस्तिका डाउनलोड करा आणि तिच्यातले चार कॉलम समजून घ्या, दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, गेल्या वर्षीचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बस एवढंच. कारण वक्ता म्हणतो अमुक योजनेवरची तरतूद वाढवली, तर ती कशाच्या तुलनेत वाढवली? गेल्या वर्षी शंभर ठरवले, प्रत्यक्षात सत्तरच खर्च होताहेत म्हणून सुधारित अंदाज सत्तरवर आणला आणि यंदा नव्वद ठेवले, तर सत्तरच्या मानाने वाढ आहे आणि शंभरच्या मानाने कपात, दोन्ही खरं. मी आयुष्यातला पहिला प्रश्न हाच विचारला. वहीत मराठीत लिहून ठेवला होता, हात थरथरत होता, आणि इंग्लिशमध्ये दीड तास बोललेल्या सरांनी मला चक्क मराठीत उत्तर दिलं, तेही सविस्तर. भाषेची भीती आपल्याच डोक्यात जास्त असते बहुतेक. ज्यांना सगळं मराठीतच पाहिजे त्यांनी मराठी अर्थशास्त्र परिषदेचं वार्षिक अधिवेशन एकदा बघा, तिथे पेपरही मराठीत वाचतात. दर्जा कमीजास्त असतो, पण पहिला पेपर वाचायला बरी जागा आहे.

मॉक एमपीसीबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती (एमपीसी) रेपो, म्हणजे ती बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो दर ठरवते, त्याची नक्कल फेस्टमध्ये करतात, सहा पोरं-पोरी टेबलाभोवती आणि कुणीतरी ब्लेझर घालून गव्हर्नर. चार टक्के महागाईचं टार्गेट, खाली दोन वर सहापर्यंत चालतं, आणि मतं तीन-तीन झाली तर गव्हर्नरचं जादा मत. मी तावातावाने म्हटलं कांदा महागलाय, रेपो वाढवा. समोरचा सीनियर शांतपणे म्हणाला रेपो वाढवल्यावर कांदा उगवतो का. सगळे हसले. रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की महागाई मोजायच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजनच ४५.८६ टक्के होतं, म्हणजे कांदा सोडूनही देता येत नाही आणि व्याजदराने आवरताही येत नाही, आणि ह्यावर मोठमोठी माणसंही भांडतात. चिडून वाचलेलं लक्षात राहतं एवढं खरं.

आता सिनेमे. पहिला बघितला तो 'इनसाइड जॉब', २००८ च्या मंदीवरची डॉक्युमेंटरी. सबटायटल नाहीत, स्पीकर खरखरणारा, सीडीओ म्हणजे काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी एक गोष्ट डोक्यात बसली, त्यात मोठ्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारतात की तुम्ही ज्यांच्याबद्दल रिपोर्ट लिहिता त्यांच्याकडून पैसे घेता का, आणि ते कसे चिडतात. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या जर्नल्ससाठी असे हितसंबंध उघड करायचा नियम केला. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट मागच्या पानापासून वाचते, पैसे कोणी दिले ते आधी.

आणि 'मंथन'. गावातल्या दूध सहकारी सोसायटीवरचा सिनेमा, १९७६ चा, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. हॉलमध्ये ऐंशी पोरं असतील. दुधाचं फॅट तपासायचा सीन आला तेव्हा सगळे गप्प आणि मला एकटीला हसू येत होतं, कारण आमच्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात, त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात, आणि मशीनवर आकडा कमी आला की आई त्या डेअरीवाल्याशी कशी भांडते ते मी लहानपणापासून ऐकलंय. चर्चेत मॅडमनी विचारलं फॅटवर पैसे का, लिटरवर का नाही. कोणी बोलेना. मी उठले आणि सांगितलं, लिटरवर दिले तर पाणी घालणाऱ्याला जास्त मिळतील. एवढंच. मॅडम म्हणाल्या ह्याला पुस्तकात असिमेट्रिक इन्फॉर्मेशन म्हणतात, म्हणजे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, पुढच्या सेमला येईल तुम्हाला. नंतर सोसायटीची निवडणूक आणि जातीचं गणित ह्यावर चर्चा गेली आणि मग हॉल बंद करायला शिपाईमामा येऊन उभे राहिले.

एक सावधगिरीचं. 'शेअर मार्केट वर्कशॉप फ्री' वाल्यांपासून लांब राहा. पहिला तास फुकट, दुसऱ्यात कोर्स विकतात, तिसऱ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप्स. सल्ला देणाऱ्याला सेबीचा (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी नंबर विचारा आणि सेबीच्या साइटवर टाकून बघा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. आमच्या बॅचच्या एकाने स्कॉलरशिपचे पैसे घातले होते, त्याचं पुढे सांगत नाही.

तुमच्या कॉलेजात ह्यातलं काहीच होत नसेल तर स्वतः सुरू करा, सिनेमाचं सगळ्यात सोपं पडतं. एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) नावाने अर्ज, हॉलची वेळ, आणि लॅपटॉपला चालणारं एचडीएमआयचं कन्व्हर्टर, हे शेवटचं स्वतःचं ठेवा कारण कॉलेजचं कायम कुणीतरी नेलेलं असतं. आवाज आदल्या दिवशी तपासा. सुरुवातीला दहा मिनिटं कुणीतरी चार-पाच अवघड शब्द मराठीत सांगा, आणि चर्चेसाठी अर्धा तास हातात राहील अशी वेळ मागा, नाहीतर क्रेडिट्स लागल्याबरोबर सगळे बसस्टॉपवर. आम्ही केलेल्या पहिल्या शोला अकरा जण होते आणि त्यातले चार पाऊस थांबायची वाट बघत बसलेले. त्या चारांपैकी दोघी पुढच्या महिन्यात खुर्च्या लावायला आल्या.