मास्कवर काम करताना डावा हात कीबोर्डवरच ठेवा

मी पोर्ट्रेटचं रिटचिंग करते. माझा निम्मा वेळ केसांच्या आणि खांद्यांच्या कडांवर जातो, म्हणजे फोटोशॉपच्या लेयर मास्कवर. लेयर म्हणजे चित्राचा एकेक थर, आणि मास्क त्या थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवतो: पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे झाकलं जातं. सुरुवातीला प्रत्येक गोष्टीसाठी माउस पॅनेलपर्यंत न्यायचे. परत येईपर्यंत कुठल्या बटेवर काम चाललं होतं तेच विसरायचे. शॉर्टकटमुळे वेळ वाचतोच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की नजर चित्रावरून हलत नाही.

खाली विंडोजच्या कळा दिल्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन धरा.

मास्क जोडायचं बटण लेयर पॅनेलच्या तळाशी असतं. नुसतं क्लिक केलं की पांढरा मास्क येतो आणि सगळं दिसत राहतं. ऑल्ट धरून क्लिक केलं की काळा मास्क येतो आणि लेयर पूर्ण झाकला जातो. त्वचा उजळवायची असेल तर मी नेहमी काळ्यापासून सुरू करते, आणि हवं तिथेच पांढऱ्या ब्रशने लेयर उघडत जाते. चुकून पांढरा मास्क आला तर कंट्रोल-आय दाबा, तो उलटा होतो.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. मास्क समजून आपण थेट फोटोवरच काळा रंग फासतो. एका कामात माझ्याकडून हे झालं, आणि फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावर लक्षात आलं. तोवर मागे जायची वाट बंद झाली होती. तेव्हापासून ब्रश उचलायच्या आधी मी कंट्रोल-बॅकस्लॅश दाबते, त्याने मास्क निवडला जातो. कंट्रोल-२ ने परत चित्रावर येता येतं. खात्री करायची असेल तर फाइलच्या टॅबकडे बघा, मास्क निवडलेला असताना नावापुढे 'लेयर मास्क' असं लिहिलेलं असतं.

रंगवताना बी ने ब्रश घ्या आणि डी दाबा. मास्क निवडलेला असेल तर पुढचा रंग पांढरा आणि मागचा काळा होतो. मग एक्स, त्याने या दोन रंगांची अदलाबदल होते. दिवसभरात मी सर्वांत जास्त दाबते ती हीच कळ. पांढऱ्याने थोडं जास्त उघडलं गेलं, एक्स दाबून काळ्याने झाकलं, पुन्हा एक्स. चौकटी कंसांच्या कळांनी ब्रश लहानमोठा होतो, त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की कड मऊ किंवा कडक होते. आकड्यांनी ब्रशची अपारदर्शकता बदलते: ३ म्हणजे ३० टक्के, ० म्हणजे १०० टक्के, ४ आणि ५ पटापट दाबले तर ४५. गालांवर मी ३० च्या वर क्वचितच जाते.

पण तपासणीशिवाय मास्क पुरा झाला असं मी मानत नाही. मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट-क्लिक करा, फोटोच्या जागी फक्त काळा-पांढरा मास्क दिसेल. पूर्ण काळी हवी होती तिथे राखाडी ओरखडे राहिलेत हे इथेच कळतं. फोटोत ते डोळ्यांना जाणवत नाहीत, पण मागे वेगळा रंग टाकला की मळकट डाग बनून वर येतात. अशा जागेभोवती लॅसो, म्हणजे हाताने घेरा काढून भाग निवडायचं साधन, फिरवायचा आणि पुढचा रंग काळा असताना ऑल्ट-बॅकस्पेस दाबायचं, तेवढा भाग भरून निघतो. पुन्हा ऑल्ट-क्लिक केलं की फोटो परत.

केसांसाठी मात्र मला नुसता काळा-पांढरा मास्क पुरत नाही, खाली केसही दिसावे लागतात. तेव्हा बॅकस्लॅश एकटीच दाबायची. झाकलेल्या भागावर लाल पारदर्शक थर चढतो आणि कुठली बट सुटली ते लगेच दिसतं. तीच कळ पुन्हा दाबली की थर जातो. कड फारच गुंतागुंतीची असेल तर कंट्रोल-ऑल्ट-आर ने 'सिलेक्ट अँड मास्क' ही कडा नीट करायची वेगळी खिडकी उघडते, मात्र तिथून बाहेर आल्यावर शेवटचा हात ब्रशनेच फिरवते.

आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला मास्कवर शिफ्ट-क्लिक करा, त्यावर लाल फुली येते आणि मास्क तात्पुरता बंद होतो. कंट्रोल-क्लिकने मास्कचं सिलेक्शन मिळतं, म्हणजे मास्कच्या आकाराचा भाग निवडला जातो. तोच मास्क दुसऱ्या लेयरवर हवा असेल तर ऑल्ट धरून ओढून न्या, ऑल्ट न धरता ओढलात तर मूळ लेयरवरून निघून जाईल.

आणि मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक: फोटोवर मराठी मजकूर टाकून झाला की कीबोर्ड इंग्रजीवर आणा. माझ्याकडे तो मराठीवर राहिला की एक्स आणि कंसांच्या कळा चालत नाहीत.