जुन्या व्हिडिओ गेमचा रास्त भाव कसा काढायचा

विकणारा सांगतो तो आकडा म्हणजे भाव नव्हे. ओएलएक्सवर तीच कॅसेट कुणी पाच हजारांना लावलेली असते, तोही भाव नव्हे. तशीच वस्तू, तशाच अवस्थेत, नुकतीच प्रत्यक्षात कितीला गेली तो भाव. ईबेवर शोधताना ‘सोल्ड आयटम्स’ हे फिल्टर लावा, शेवटचे आठ-दहा व्यवहार बघा, सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त सोडून द्या आणि उरलेल्यांतला मधला आकडा धरा. प्राइसचार्टिंग या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळावर एकाच गेमचे सुटी (म्हणजे नुसती कॅसेट), डबा-पुस्तिकेसह आणि सीलबंद असे वेगवेगळे भाव दिसतात. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात हाती लागणारा माल बहुतेक सुटाच असतो, म्हणून सुट्याचाच भाव बघायचा. परदेशातल्या भावात टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी मिळवली की तुमची वरची मर्यादा कळते. त्याच्या वर जाऊन इथे घेण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्याच पैशांत ती वस्तू बाहेरून घरपोच येते.

पण आधी वस्तू नेमकी कोणती ते ठरवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेला ‘टीव्ही गेम’ बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल असतो. निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचे गेमचे मशीन १९८३ मध्ये जपानमध्ये आणले. त्याच्या कॅसेटला ६० पिना, म्हणजे एका बाजूला ३०. त्याच मशीनचा अमेरिकेतला अवतार म्हणजे एनईएस, त्याच्या कॅसेटला ७२. पिना मोजल्या की कुणी ‘ओरिजिनल निन्टेन्डो’ म्हणून एनईएसचा भाव लावू शकत नाही. ‘९९९९९९९ इन वन’वाल्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी येतात. ती आठवणीसाठी जरूर घ्या, पण संग्राहकाचा भाव देऊ नका. अशा कॅसेटमध्ये चिपवर काळ्या डांबरासारखा ठिपका असतो. तो बिघाड नव्हे, तिची बांधणीच तशी. तोच ठिपका गेमबॉय या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या मशीनच्या कॅसेटमध्ये दिसला, तर मात्र ती बहुधा नक्कल समजा.

सगळ्यांत जास्त फसवणूक गेमबॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटमध्ये होते. खालच्या तोंडातून आत बघा: खऱ्या कॅसेटच्या बोर्डावर सोनेरी पट्ट्यांच्या लगेच वर ‘निन्टेन्डो’ छापलेले दिसते. लेबल उजेडात तिरके धरा, त्यावर दोन अंकांचा दाबलेला ठसा मिळायला हवा. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. तिथे साधा चौफुली स्क्रू असेल तर कॅसेट उघडलेली तरी आहे किंवा नक्कल तरी. रुबी, सफायर आणि एमराल्डच्या पारदर्शक कवचातून गोल बॅटरी दिसली पाहिजे, तर फायररेडमध्ये बॅटरी नसतेच. रुबीने सुरू होताना बॅटरी संपल्याचे सांगितले तरी गेम सेव्ह होतो, फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात. म्हणून त्यापोटी थोडेच कापा. पहिल्या गेमबॉयवरच्या पोकेमॉन रेड-ब्लूचे तसे नाही, तिथे सेव्हच बॅटरीवर टिकतो. त्यात टॅब (डाग देण्यासाठीची धातूची पट्टी) आधीच जोडलेली बॅटरी लागते. उघड्या सेलवर डाग देणारा कारागीर नको, उष्णतेने सेल फुटू शकतो.

डिस्क उलटी करून बघा. पहिल्या प्लेस्टेशनची मूळ डिस्क खालून काळी असते. प्लेस्टेशन २ची, म्हणजे पीएस२ची, सीडी निळसर, डीव्हीडी चंदेरी. जांभळी दिसली तर ती घरी जाळलेली, तिला संग्रहात किंमत नाही. पीएस२ घ्यायला जाताना एक निळी सीडी आणि एक डीव्हीडी, दोन्ही बरोबर न्या. कित्येक मशीन एक वाचतात, दुसरी वाचत नाहीत, आणि विकणारा चालणारीच लावून दाखवतो. जाळलेल्या डिस्क चालवणारी चिप बसवली आहे का, हेही विचारा. खेळायला ती सोयीची, पण मूळ अवस्थेतले मशीन हवे असणाऱ्याच्या दृष्टीने ती उणी बाजू.

जपानी मशीनबरोबर आलेला अॅडॉप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. ‘चालू होत नाही’ म्हणणाऱ्याने बहुधा तेच केलेले असते. मशीन वाचलेही असेल, पण तुम्ही बंद समजूनच भाव द्या. ‘चालते की नाही माहीत नाही’ या मालालाही हाच नियम. टीव्ही समोर असताना लावून दाखवत नसेल तर कारण विचारायलाच हवे.

जांबोटी, खानापूरकडचा पाऊस आणि कौलारू घरातला माळा, या जोडीने बरेच नुकसान होते. लेबलवर बुरशी, पिनांवर हिरवट थर. पिना काळ्या असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने साफ होतात, त्यासाठी फार कापू नका. सोनेरी मुलामा उडून तांबे उघडे पडले असेल तर मात्र निम्म्याच्या वर जाऊ नका. फाटलेले लेबल दुरुस्त होत नाही आणि नवे छापून लावलेले लेबल फाटक्याहूनही वाईट.

आता हिशेब. समजा चांगल्या अवस्थेतली कॅसेट २,५०० ला जाते. बॅटरी बदलायची मजुरी ३००, लेबलपोटी ४००, आणि न तपासता घेण्याची जोखीम ५००. उरले १,३००. बेळगावच्या खडे बाजारात उभे राहण्याआधी हा आकडा मोबाईलवर लिहून ठेवा आणि बोलणी १,००० पासून सुरू करा. कोल्हापूर किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जात असाल तर बसभाडेही यातून वजा होते. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर ‘एष्टु री?’ (कितीला हो?) एवढे विचारले तरी बोलणे सोपे होते.

पोतेभर माल एकदम मिळत असेल तर तुम्हाला हव्या असलेल्या वस्तूंचीच बेरीज करा, बाकीच्या शून्य धरा. त्या बेरजेच्या आत सौदा बसला तर उचला.